चलनाच्या कोपऱ्यात पेनाने काय लिहिलंय, ते आधी वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशिन शॉप, १४ माणसं. फाउंड्रीकडून (धातू ओतणाऱ्या कारखान्याकडून) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, मशिनिंग करून परत जातं. कोटेशन, चलन (मालासोबत जाणारी डिलिव्हरीची चिठ्ठी), बिल, थकबाकीची पत्रं हे सगळं एका कॉम्प्युटरवाल्याने पूर्वी करून दिलेल्या वर्ड-एक्सेलच्या फाइलींवर चालतं. पासवर्ड त्याच्याकडेच, म्हणून पत्ता बदलला, कराचा टक्का बदलला की त्याला फोन करायचा आणि वाट बघत बसायचं. सासऱ्यांनी आता ऑफिस सुनेच्या हाती दिलंय आणि तिला हे कागद स्वतः सांभाळायचे आहेत, आयटीचा माणूस न ठेवता. जमेल का?

ताई, नक्की जमेल. मी स्वतः कॉमर्सचा माणूस. प्रोग्रॅमिंग कधी शिकलो नाही. शिरोलीच्या एका फाउंड्रीत चलन क्लार्क म्हणून लागलो आणि गेली २२ वर्षं कोल्हापूर-सांगली भागातल्या लहान कारखान्यांचे कागद लावून देतोय. तुमच्यासारख्या शॉपला जे कागद लागतात ते सगळे, रोज ते लिहिणाऱ्या माणसाला बनवता येतात. त्यानेच ते बनवावेत असं माझं ठाम मत आहे. कॉम्प्युटरवाल्याला एक्सेल येतं, पण तुमच्या गेटवर टेम्पो उभा राहिल्यावर काय काय मोजलं जातं ते त्याला कुठून कळणार?

म्हणून सुरुवात कॉम्प्युटरवर करू नका. गेल्या तीन महिन्यांची चलनं काढा, ऑफिस कॉपी आणि पार्टीची सही होऊन आलेली कॉपी, दोन्ही. टेबलावर पसरा आणि एकच गोष्ट बघा: छापलेल्या मजकुराशिवाय पेनाने काय काय लिहिलंय?

उद्यमनगरातल्या एका शॉपमध्ये आम्ही हेच केलं होतं. चलनावर छापलेले रकाने होते अनुक्रमांक, वर्णन, नग, दर, रक्कम. आणि जवळजवळ प्रत्येक चलनावर उजव्या कोपऱ्यात बॉलपेनने लिहिलेलं होतं, ‘ओके ११२, सीआर ६, एमआर २’. खाली हीट नंबर, म्हणजे धातूच्या कुठल्या ओतीतला माल त्याचा नंबर. पाठीमागे फाउंड्रीच्या चलनाचा नंबर आणि तारीख. तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचणाऱ्यांसाठी सांगतो. सीआर म्हणजे कास्टिंगमध्येच दोष निघाला, ब्लो होल (हवेने पडलेलं भोक) वगैरे, तो फाउंड्रीच्या माथी. एमआर म्हणजे आपल्या मशिनवर बिघडला, त्या कास्टिंगचे पैसे आपल्या बिलातून वळते होतात. म्हणजे ज्या दोन आकड्यांवर पैसे ठरतात, त्यांनाच कागदावर जागा नव्हती. फाउंड्रीने वर्षअखेरीला शिल्लक नगांचं स्टेटमेंट पाठवलं तेव्हा मालकांना वर्षभराची चलनं उलटी करून कोपऱ्यातले आकडे भिंगाने वाचावे लागले. काही ठिकाणी कार्बन कॉपीवर ते उमटलेलेच नव्हते.

पेनाने लिहिलेली ती प्रत्येक गोष्ट म्हणजे तुमच्या नव्या फॉर्मॅटमधला एक रकाना. ती यादी करा, मग गेटवर माल मोजणाऱ्याला, क्वालिटी बघणाऱ्याला आणि बिल करणाऱ्याला एकत्र बसवून विचारा की अजून काय लिहावं लागतं. कोऱ्या ए-फोर कागदावर पेन्सिलने चौकटी आखा. एक आठवडा त्याच्या झेरॉक्सवर हाताने चलनं करून बघा. चौकट लहान पडते, क्रम उलटा वाटतो, हे सगळं त्या आठवड्यात कळतं. कॉम्प्युटरवर गेल्यावर माणूस कागदाकडे बघायचं सोडून रंग आणि फॉन्टमध्ये अडकतो, हे मी फार वेळा पाहिलंय.

जॉब वर्कच्या (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेल्या कामाच्या) चलनात एक रकाना विसरू नका: पार्टीच्या आवक चलनाचा नंबर आणि तारीख. जीएसटी कायद्याप्रमाणे जॉब वर्कला पाठवलेला माल एक वर्षाच्या आत परत गेला पाहिजे, नाहीतर पाठवणाऱ्याने तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं आणि कर त्याच्या अंगावर येतो. तुमच्या प्रत्येक जावक चलनावर ‘आलेले नग, ओके, सीआर, एमआर, शिल्लक’ असे पाच आकडे मूळ चलनाच्या नंबरासकट असले, तर फाउंड्रीच्या अकाउंट्सचा फोन तुम्हाला कधी येणार नाही. वरच्या उदाहरणात १२० आले, ११२ अधिक ६ अधिक २ म्हणजे १२०, शिल्लक शून्य. ही बेरीज जुळली नाही तर चौकट लाल व्हावी, एवढं एक्सेलच्या कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये पाच मिनिटांत होतं.

आता बिल. इथे तुमच्या मनाला थोडी कमी मोकळीक आहे, कारण बिलावर काय हवं ते जीएसटीच्या नियम ४६ मध्ये सांगितलंय. तुमचं आणि पार्टीचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर. तारीख. माल किंवा सेवेचं वर्णन आणि एचएसएन (मालाचा) किंवा सॅक (सेवेचा) वर्गवारीचा कोड. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर दुसऱ्या नोंदणीकृत धंद्याला दिलेल्या बिलावर चार अंकी चालतो, त्यावर सहा अंकी. नग आणि एकक, करपात्र रक्कम, टक्का, कराची रक्कम. परराज्यातली पार्टी असेल तर पुरवठ्याचं ठिकाण राज्याच्या नावासकट. रिव्हर्स चार्ज (कर देणाऱ्याऐवजी घेणाऱ्या पार्टीने भरायचा) आहे की नाही. सही. तुमचं बिल हातात घेऊन यातल्या एकेका गोष्टीवर बोट ठेवा. बहुतेक ठिकाणी रिव्हर्स चार्जची ओळ आणि पुरवठ्याचं ठिकाण गायब असतं.

बिल नंबर तर मोजूनच बघा. एका शॉपचा नंबर होता ‘आयएनव्ही/केओपी/२०२५-२६/००१’, अर्थात इंग्रजी अक्षरांत. दिसायला छान, पण अक्षरं, तिरप्या रेघा आणि आडवी रेघ धरून १९ खुणा होतात. नियमाप्रमाणे १६ पेक्षा जास्त चालत नाहीत. शिवाय शेवटी तीनच आकडे, म्हणजे हजाराव्या बिलाला अडचण. मी ‘टीआय/२५२६/०००१’ असा ठेवतो, इंग्रजीत मोजलं तर १२ खुणा. चलनाला वेगळी मालिका, ‘डीसी/२५२६/०००१’. मालिका सलग हवी आणि त्या आर्थिक वर्षात कुठलाही नंबर दोनदा येता कामा नये. रद्द झालेलं बिल डिलीट करू नका, नंबर तसाच ठेवून ‘रद्द’ लिहा.

हे झालं कागदाचं. आता ज्या एका गोष्टीमुळे माणूस कॉम्प्युटरवाल्याच्या दारात बांधला जातो, ती सांगतो. कागदाचा साचा आणि त्यात भरायची माहिती एकाच फाइलमध्ये कालवलेली असते. नवीन बिल करायचं म्हणजे जुनं उघडायचं, नाव बदलायचं, नग बदलायचे, सेव्ह करायचं. कधीतरी जुन्यावरच सेव्ह होतं आणि ते बिल गेलं. कधी पार्टी बदलते पण जीएसटी नंबर मागच्याच पार्टीचा राहतो, आणि समोरचा महिनाभराने विचारतो की आमचं क्रेडिट (दिलेल्या कराची वजावट) का दिसत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ आठवा. त्या दिवशी जीएसटीचे दर बदलले आणि आपल्या मशिनिंगच्या जॉब वर्कचा दर १२ टक्क्यांवरून १८ वर गेला. माझ्याकडे त्या आठवड्यात फोनवर फोन. कारण बहुतेकांच्या फाइलींत टक्का सूत्राच्या पोटात लिहिलेला होता: रक्कम गुणिले ६ टक्के, सीजीएसटीला (केंद्राच्या हिश्शाला) एकदा, एसजीएसटीला (राज्याच्या हिश्शाला) एकदा. वर हेडिंगमध्ये लोकांनी ९ टक्के टाईप केलं आणि सूत्र ६ नेच गुणत राहिलं. छापील बिलावर ९ टक्के लिहिलंय आणि रक्कम ६ टक्क्यांची. ज्यांच्याकडे टक्का एकाच तक्त्यात एका ठिकाणी होता, त्यांनी एक आकडा बदलला आणि पुढच्या कामाला लागले.

तर एका एक्सेल फाइलमध्ये चार पानं करा. पहिलं ‘पार्टी’: नाव, पत्ता, जीएसटी नंबर, राज्य, पैसे द्यायची मुदत. दुसरं ‘आयटम’: पार्ट नंबर, ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, कोड, दर, कराचा टक्का आणि तो कधीपासून लागू. तिसरं ‘नोंद’: प्रत्येक बिलाची प्रत्येक ओळ इथे खाली खाली लिहीत जायची, जुन्या ओळीला हात लावायचा नाही. चौथं ‘छपाई’: इथे काहीच टाईप करायचं नाही, फक्त वर बिल नंबर टाकायचा आणि बाकी सगळं पहिल्या तीन पानांतून येतं. एक्सेल २०२१ किंवा ३६५ असेल तर ओळी आणायला फिल्टर आणि पार्टीचा पत्ता आणायला एक्सलुकअप. जुनं असेल तर नोंदीच्या पानात बिल नंबर आणि ओळ क्रमांक जोडून एक रकाना करा आणि व्हीलुकअप वापरा. पार्टीचं नाव टाईप करायचं नाही, डेटा व्हॅलिडेशनने यादीतून निवडायचं. ‘छपाई’चं पान मोडलं, कुणी चुकून पुसलं, तरी एकही बिल हरवत नाही, परत आखायला एक दुपार लागते.

सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा की आयजीएसटी (परराज्यातल्या व्यवहाराचा एकच कर), हेही इथेच सुटतं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. निपाणी किंवा बेळगावची पार्टी निवडली की आपोआप आयजीएसटी यावा, एवढं एका ‘इफ’ सूत्राचं काम आहे. फक्त एसईझेडमधली (विशेष आर्थिक क्षेत्रातली) पार्टी महाराष्ट्रातली असली तरी तो व्यवहार आंतरराज्य धरतात, म्हणून पार्टीच्या पानात करप्रकाराचा एक रकाना वेगळा ठेवा आणि सूत्राने आधी तो बघावा.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते अक्षरी रकमेबद्दल. एक्सेलमध्ये थाई बाहतसाठी तयार फंक्शन आहे, रुपयांसाठी नाही. म्हणून लोक इंटरनेटवरून मॅक्रो (एक्सेलमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) उतरवतात. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो चालत नाही, आणि अनोळखी मॅक्रो चालवणं धोक्याचंही आहे. त्याची गरजच नाही. आपली मोजण्याची पद्धत बघा: लाख, हजार आणि शेवटचे दोन आकडे, हे प्रत्येक ० ते ९९ च्या आतच असतात. मध्ये फक्त शेकडा, तो ० ते ९. म्हणजे शाळेतल्या अंकलिपीसारखा ९९ ओळींचा एक तक्ता केला, एकपासून नव्व्याण्णवपर्यंत, आणि शेकड्यांसाठी एकशे ते नऊशे असा ९ ओळींचा दुसरा, की काम संपलं. मराठीत तर सत्तेचाळीस, एकोणसत्तर असा प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द, त्यामुळे तक्ता हाच सरळ मार्ग. ३,४७,८६९ ही रक्कम घ्या. इंट (पूर्णांक काढणारं) आणि मॉड (बाकी काढणारं) या दोन फंक्शननी ती फोडली की लाख ३, हजार ४७, शेकडा ८, उरले ६९. चार वेळा तक्त्यातून शब्द आणा आणि जोडा: तीन लाख सत्तेचाळीस हजार आठशे एकोणसत्तर. शून्य आलं तर तो भाग गाळायचा. बिल इंग्रजीत असेल तर त्याच तक्त्यात शेजारी इंग्रजी शब्दांचा रकाना. शंभर शब्द टाईप करायला एक तास लागतो आणि आयुष्यभर पुरतो.

तारखांबद्दल एक सावधगिरी. कॉम्प्युटरचं रिजन अमेरिकेचं असेल तर तुम्ही ४ जुलै म्हणून ०४/०७/२०२५ टाकलं तरी एक्सेल ते ७ एप्रिल समजतं. १५ जुलै मात्र त्याला तारीख म्हणून समजतच नाही, ते नुसता मजकूर म्हणून राहतं. म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा उलट्या, काही तारखाच नाहीत, आणि थकबाकीचे दिवस सगळे चुकीचे. विंडोजच्या सेटिंगमध्ये रिजन भारताचं करा, आणि छपाईत महिना अक्षरी दाखवा. त्याच सेटिंगमुळे स्वल्पविरामही लाख-कोटीच्या जागी येतात.

टॅलीबद्दल: तुमचे अकाउंटंट महिन्यातून एकदा येऊन टॅलीत नोंदी करतात असं तुम्ही लिहिलंय. पुढेमागे टॅली ऑफिसमध्येच घेतलीत तर कर बिल तिथूनच काढा, एक्सेलमध्ये दुसऱ्यांदा करू नका. दोन ठिकाणी नंबर चालू राहिले की एक दिवस ते चुकतातच. आणि फर्मची प्रायव्हेट लिमिटेड केलीत तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना प्रत्येक बदलाचा माग ठेवणारंच हिशेबाचं सॉफ्टवेअर लागतं, तिथे एक्सेलवरचे हिशेब चालत नाहीत. उलाढाल ५ कोटींवर गेली तर ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आलंच. चलन, कोटेशन, पत्रं, इन्स्पेक्शन रिपोर्ट हे मात्र तेव्हाही तुमच्याच साच्यांवर राहतील.

कोटेशन आणि पत्रांसाठी वर्ड किंवा फुकटचं लिब्रेऑफिस पुरेसं आहे. लेटरहेड हेडरमध्ये टाका आणि फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा. मग डबल क्लिक केल्यावर दर वेळी नवी कोरी प्रत उघडते, मूळ साचा शाबूत राहतो. मथळे, मजकूर, अटी यांना स्टाईल्स लावा, म्हणजे फॉन्ट बदलायचा तर एका जागी. बाहेर पाठवताना नेहमी पीडीएफ. कोटेशनची वर्ड फाइल पार्टीला पाठवणं म्हणजे आपला दर आपण त्यांच्या हातात पेन्सिलने लिहून देण्यासारखं आहे. कोटेशनवर ड्रॉइंग नंबरसोबत रिव्हिजन नंबर आणि दराची मुदत हवीच. ड्रॉइंग बदललं आणि दर जुनाच राहिला, यात मशिन शॉपवाले किती पैसे घालवतात ते मी मोजायचं सोडून दिलंय.

थकबाकीच्या पत्रांना मेल मर्ज वापरा. ‘नोंद’ पानावरून ज्यांची मुदत उलटली त्यांची यादी काढा, वर्डला जोडा, वीस पत्रं एका वेळी तयार. आणि बिलाच्या, पत्राच्या खाली उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) नंबर छापा. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. शिवाय आता मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला आयकरात तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी धरता येतो. तो नंबर कागदावर दिसला की मोठ्या कंपनीच्या अकाउंट्समध्ये तुमचं बिल वेगळ्या गठ्ठ्यात जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून आग्रहाने सांगतो.

कामगारांच्या सूचना, ग्रामपंचायतीला पत्र, महावितरणला अर्ज मराठीत असतील तर ते युनिकोडमध्येच टाईप करा. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसत्या इंग्रजी खुणा दाखवते. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे, आठवड्यात हात बसतो.

साचे तयार झाले की कुलूप लावा. भरायच्या चौकटी फिक्या पिवळ्या करा, फक्त त्याच अनलॉक करा आणि शीट प्रोटेक्ट करा. हा पासवर्ड चोरापासून वाचवत नाही, घाईतल्या बोटापासून वाचवतो. तो एका वहीत लिहून तिजोरीत ठेवा, कारण कॉम्प्युटरवाल्याकडे असलेल्या पासवर्डपायीच तुम्ही आज अडकला आहात. त्याच फाइलमध्ये ‘बदल’ नावाचं पान: तारीख, काय बदललं, का, कुणी. साच्यात हात घालायचा अधिकार एकालाच, आणि तो रजेवर असेल तेव्हासाठी दुसरा एक.

आता थोडं कडू बोलतो. कंपनीचा ईमेल कुणाच्या नावावर आहे ते आजच तपासा. एका कारखान्याचा ईमेल आणि वेबसाइटचं नाव दोन्ही बाहेरच्या माणसाच्या वैयक्तिक खात्यावर होतं, रिकव्हरीचा मोबाईल नंबरही त्याचाच. त्याने गाव सोडलं, नंबर बंद केला. परदेशातल्या पार्टीशी आठ वर्षांचा पत्रव्यवहार त्या खात्यात होता. ते खातं परत मिळालं नाही. मालक वयस्कर, त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. खातं फर्मच्या नावावर, रिकव्हरी नंबर मालकांचा, दुसरा तुमचा, हे आज संध्याकाळच्या आत करा.

फाइली आर्थिक वर्षाच्या फोल्डरमध्ये, नावात आधी तारीख उलटी, वर्ष-महिना-दिवस, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. फोल्डर गूगल ड्राइव्हला जोडलेला असला तरी तेवढ्यावर थांबू नका. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. दर शनिवारी एक्सटर्नल डिस्कवर प्रत घ्या आणि डिस्क काढून घरी न्या. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची एखादी जुनी फाइल खरंच उघडून बघा. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, म्हणजे २०२५-२६ चे ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत.

बाहेरच्या माणसाला बोलवायचं ते डिस्क बिघडली, नेटवर्क बसवायचं, व्हायरस आला तेव्हा. साच्यासाठी नको.

क्रम माझ्या मते असा ठेवा: आधी चलन, ते महिनाभर चालवून बघा, मग बिल, मग पत्रं. बिलाची नवी मालिका १ एप्रिललाच सुरू केलीत तर जुनं-नवं मिसळणार नाही, तोपर्यंत जुन्या नंबरांवर नवा साचा चालवा; फक्त नंबर १६ खुणांच्या वर असेल तर अकाउंटंटना विचारून मालिका आत्ताच बदला. येत्या शनिवारी चलनं पसरून बसा, आणि गेटवर माल मोजणाऱ्यांना चहाला बोलवा. पेनाने लिहिलेल्या गोष्टींची यादी झाली की मला पाठवा, रकाने किती रुंद लागतील ते आपण त्यावरून ठरवू.